तिसऱ्या सिलेंडरचा मोजा

गाडीच्या तोंडात मोजा घालायचा, एवढंच मी ठरवलं होतं. पुढं जे झालं त्यात गाडीचा दोष नाही आणि मोज्याचा तर नाहीच नाही. आता राहिलं कोण, ते तुम्हीच बघा.

आधीच सांगून ठेवते, मी भित्री आहे. आमची महामाया आठ महिन्यांची. ती रडली तर मला भीती वाटते आणि शांत झोपली तर जास्त वाटते. मग मी तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास चालू आहे का ते बघते. बोटाला कांद्याचा वास, ती दचकून उठते, भोकाड पसरते, आणि माझा जीव भांड्यात पडतो. घरातल्या बाकीच्यांचा त्याच वेळी भांड्यातून बाहेर येतो. (दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या, पोरगी ठणठणीत आहे, टॉनिक आईला द्या.)

आमच्या यांचं नाव रवी. तोंडानं घेत नाही, पण लिहायला काय होतंय. खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीला आमच्या अंगणातच पत्र्याखाली यांचं गॅरेज आहे. मोटरसायकली दुरुस्त करतात, सीझनला फवारणीचे पंप. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला दार आहे, हे माझं दुःख. कारण त्या दारातून माझी एकेक वस्तू गॅरेजात नोकरीला लागते. माझा चिमटा गेला, गाळणी गेली. काजळाची एक डबी रिकामी झाली तर तिच्यात ग्रीस भरलं. आता खिडकीत सारख्या दिसणाऱ्या दोन डब्या असतात, एकीत काजळ, एकीत ग्रीस. ही डब्यांची गोष्ट मनात ठेवा.

एके दिवशी नांदुऱ्याचे वामनराव टेम्पोत मोटरसायकल घालून आले. वामनरावांची जिनिंग आहे, कापसाची. गाडी त्यांच्या थोरल्या भावानं माझ्या सासऱ्यांच्या लग्नाच्या वेळी कोणा परदेशी इंजिनिअरकडून घेतलेली, जपानची, आणि मग कितीतरी वर्षं कापसाच्या गाठींमागं पडलेली. टाकी उलटी केली तर पेट्रोल नाही, सरकी निघाली.

"रवी, ही साधी गाडी नाही बे," वामनराव म्हणाले. "तीन सिलेंडर हायेत."

यांचे डोळे असे चमकले की लग्नात मला बघताना चमकले नव्हते. (फोटो आहेत.) साध्या मोटरसायकलीला सिलेंडर एक. हिला तीन, शाळेच्या बाकावर पोरं बसवावीत तसे शेजारी शेजारी. म्हणजे तीन प्लग, तीन कार्बोरेटर, तीन सायलेन्सर. आमच्या घरात गॅसचा एकच आहे आणि तो संपला की मला घाम फुटतो, तर तीन म्हटल्यावर माझं काय झालं असेल.

"नुसती चालू नाही करायची," वामनराव म्हणाले. "अकोल्याले जुन्या गाड्यांचा मेळावा हाय. नवी होती तवापेक्षा जोरात पळाली पाह्यजे. रविवारी मी येतो. गावाबाहेरचा चढ मले मागं बसवून दमात चढवून दाखव. चिखलीत बस स्टँडामागं माहा गाळा रिकामा हाय, त्याची चावी तुले. गॅरेज टाक. भाड्याचं मंग पाहू."

"अन् नाही चढली तं, काकाजी?"

"नाही चढली तं मेळाव्यात मी टेम्पोत बसून जाऊ का?"

आता इथं माझा जीव अडकला. कारण चाकणच्या एका कंपनीतून यांना कामाचा फोन आला होता. उंद्रीतल्या गॅरेजावर आमचं भागत नव्हतं, म्हणून यांनी मला सांगून टाकलं, गाळा मिळाला तर राहतो, नाहीतर सोमवारच्या बसनं निघतो. चाकण म्हणजे हे तिकडं कंपनीतल्या पोरांच्या खोलीत, आणि मी इकडं महामायाला घेऊन. ती झोपते फक्त यांच्या खांद्यावर, पेट्रोलचा वास घेत. (मलाही दुसऱ्या वासानं झोप येत नाही, पण ते कोणाला सांगणार.)

म्हणजे गाडी जोरात पळायला पाहिजे होती. आणि ती चालवणार हे, म्हणजे ती जोरात पळायला नको होती. या दोन इच्छा मी एकाच वेळी करत होते.

हे कामाला लागले. सायलेन्सर पोखरले, आतली काजळी खरवडली, कानाला रबरी नळी लावून एकेक सिलेंडर डॉक्टरसारखा तपासला. चहा पिता पिता मला समजावलं, "हे पाह्य, कार्बोरेटर म्हणजे कालवण. पेट्रोल अन् हवा. हवा जास्त झाली का कालवण पातळ, पेट्रोल जास्त झालं का घट्ट. तिन्ही पातेल्यांत सारखं लागलं पाह्यजे."

"मंग घट्टच करा ना. ताकद येईल."

"हवेनं ताकद येते. तिच्या नाकावरचा डबा काढून टाकतो. मोकळा श्वास घेऊ दे."

नाकावरचा डबा म्हणजे एअर फिल्टर. तो निघाला, आणि त्याच्या जागी तीन भोंगे पाहिजे झाले, एका बाजूनं अरुंद, दुसऱ्या बाजूनं पसरट. हे उठले, भिंतीतल्या त्या दारातून आत आले आणि मांडणीकडं बघत उभे राहिले. मी महामायाला न्हाऊ घालत होते, हात साबणाचे. मला फक्त कानशीचा आवाज ऐकू आला.

माझ्या लग्नातले स्टीलचे गिलास होते ते. शेजारच्या सोजराबाईंनी आहेर केलेले, काठाखाली मशीननं कोरलेलं, 'सौ. सोजराबाई यांजकडून सप्रेम भेट'. सहातल्या तीन गिलासांची बुडं कापून यांनी ते कार्बोरेटरांना बसवले. बसले मात्र असे, जसे काही जपानवाल्यांनी माप सोजराबाईंच्या गिलासावरूनच घेतलं असावं.

"आता काकू आल्या अन् त्यांनी गिलास मागितला तं?"

"तीन हायेत ना अजून."

"त्या सहा मोजतात."

तीन भोंग्यांनी गाडी चालू झाली, पण गोड नाही. उभ्या उभ्या ठीक. जरा रेस दिली की भोंग्यांतून 'ठास' करून उलटी शिंक. शिंकेसरशी महामाया उठायची. चढाला नेली की दम तोडायची. हे स्क्रू पिळत बसायचे, पाव फेरी इकडं, पाव फेरी तिकडं. रविवार जवळ येत चालला आणि यांची भाकरी कमी होत चालली.

आणि मला त्या तीन उघड्या तोंडांची धास्ती. सीटखाली बघावं तर तीन तोंडं आ वासून. आमच्या अंगणात काय नाही? धूळ, पिसं, पाली. महामाया नवीन नवीन रांगायला लागलेली, हाताला येईल ते कुठंतरी कोंबायचं हे तिचं एकच काम. शिवाय यांनीच एकदा सांगितलं होतं, असल्या इंजिनात काही अडकलं की ते पळता पळता जाम होतं, चाक जागेवर थांबतं आणि माणूस पुढं जातो. हे बायकोला सांगायचं असतं का?

कोणी म्हणेल, लिंबू-मिरची बांधायची. पण आमच्या घरात ते चालत नाही. माझे सासरे भाऊराव कोतवाल होते, आता रिटायर आहेत, आणि कारण विचारल्याशिवाय ते पाणीही पीत नाहीत. लिंबू आमच्याकडं फक्त पोह्यांवर पिळतात. म्हणून मला भीती वाटली की मी आधी तिचं सायन्स करून घेते. सातवीपर्यंत शिकले आहे, तेवढं जमतं.

शनिवारी दुपारी हे चिखलीला मोठे जेट आणायला गेले, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची भोकं. मी काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि टाकीच्या कोपऱ्यात एक तीट लावली. मामाजी, म्हणजे सासरे, मागंच उभे.

"हे काय करून राह्यली, बाई?"

"ग्रीसचा डाग हाय, मामाजी."

"पुसतेस का लावतेस?"

"पुसून राह्यली."

"मंग मोठा काऊन होऊन राह्यला?"

ते गेले. मी मोज्यांकडं वळले. महामायाचे लोकरीचे मोजे, सोजराबाईंनीच विणलेले, दोन जोड. जाड लोकर, जाळीदार वीण. एकेक मोजा एकेका भोंग्यावर चढवला, तीन भोंगे, तीन मोजे. अगदी मापात. हे येण्याआधी काढून घेऊ, असं ठरवलं. सायन्सनं बोलायचं तर धूळ जाऊ नये म्हणून. खरं बोलायचं तर उघड्या तोंडानं लेकरालासुद्धा मी झोपू देत नाही. गाडीवर जुनं लुगडं टाकलं, महामायाला शेजारी सतरंजीवर सोडलं, मामाजींना म्हटलं जरा बघा, आणि आत गेले.

तेवढ्यात सोजराबाई आल्या. वांग्याच्या तोडणीवरून थेट, चहाला. मी कपात चहा दिला.

"कपात काऊन व? माह्या गिलासात दे ना."

"गिलास घासायचे हायेत, काकू."

"साही?"

"तीन घासायचे हायेत."

"अन् बाकीचे तीन?"

मी साखरेचा डबा पुढं केला, तर बाहेर मोटरीचा आवाज. वामनराव. रविवारचे ते शनिवारीच आले. आणि त्यांच्यामागंच हे, चिखलीहून, जेट न मिळाल्याचं तोंड घेऊन.

"उद्या मले खामगावले लग्न हाय," वामनरावांचा आवाज. "आत्ताच पाहू. काढ."

"काकाजी, अजून जरासं..."

"काय जरासं? काढ म्हणतो ना."

लुगडं ओढल्याचा आवाज. किक. आणि गाडी चालू झाली. मी शेगडीपुढं उभी राहून मनात म्हटलं, वा, आज शिंक नाही. पोटातून बोलून राह्यली. गाडी फाटकातून बाहेर पडली, आवाज लांब गेला, मी दूध उतू जाण्याआधी उतरवलं, आणि तेव्हा मला मोजे आठवले.

बाहेर धावले. सतरंजीवरून महामायाला उचललं, चपला राहिल्या. रस्त्यावर खामगावकडं जाणारी काळीपिवळी उभी होती, तिच्यात शिरले. सून अनवाणी जीपमध्ये चढली म्हटल्यावर मामाजी चढले. आणि ज्या घरातून दोन माणसं धावत सुटली तिथं चहा पीत बसेल ती सोजराबाई कसली. त्या कप घेऊनच आल्या.

"कुठं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"गाडीमागं. मोटरसायकल. तीन सिलेंडरची."

"तिले मी कसा गाठू, ताई? माही जीप हाय, अन् आत चौदा माणसं."

"ती जाम होणार हाय. मोजा आत गेला का ती जाम होते."

जीपमधली एक म्हातारी सरकून बसली. "कोणाचा मोजा व?"

"पोरीचा."

"अन् कुठं गेला?"

"यांच्या गाडीच्या नाकात."

 त्या म्हातारीनं माझ्या कडेवरच्या महामायाकडं बघून च् च् केलं.

चढाच्या मध्यावर गाडी उभी दिसली. उभी होती, आडवी नव्हती, एवढं मी आधी बघून घेतलं. हे मैलाच्या दगडावर खाली मान घालून बसलेले. वामनराव हात मागं बांधून येरझारा घालत.

"अर्धा चढ तं मस्त आणली," ते म्हणत होते. "पण दोन गाऊन राह्यले अन् एक खोकून राह्यला. मेळाव्यात मी खोकत जाऊ का?"

मी यांच्याकडं नाही, सरळ गाडीकडं धावले. वाकून बघितलं. पहिल्या भोंग्यावर मोजा. दुसऱ्यावर मोजा. तिसरं तोंड उघडं.

"गेला," मी म्हटलं. "तिसरा आत गेला."

"काय आत गेला?" वामनराव.

"मोजा."

वामनराव वाकले. मग हे वाकले. दोन गुलाबी मोजे, गोंडे लावलेले, सगळ्यांकडं बघत होते.

"रवी," वामनराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "माह्या भावाच्या गाडीले बाळंतविडा कोणी नेसवला?"

हे माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. त्याहून वाईट. दमलेल्या माणसासारखं.

"धूळ जाऊ नये म्हणून," मी म्हटलं. "अन् पाली."

"चाकणचा फोन आला होता म्हणत होता ना तू," वामनराव यांना म्हणाले. "त्याले हाव म्हण."

मला रडायला येत होतं, पण कडेवर महामाया, आणि आम्ही दोघी एकदम रडलो की आवरायला कोणी नसतं. मी एवढंच म्हणाले, "आधी तो मोजा काढा. चालू करू नका. जाम होईल."

यांच्या खिशात प्लगपाना कायम असतो, लग्नातसुद्धा होता. (फोटोत तेही दिसतं.) यांनी पहिला प्लग काढला. उन्हात धरला. बघत राहिले. दुसरा काढला, पहिल्याशेजारी धरला. तिसरा काढला आणि तिन्ही वामनरावांच्या तळहातावर ठेवले.

पहिले दोन चहाच्या रंगाचे. तिसरा पांढरा, चुन्यासारखा.

"सारिका," हे म्हणाले, "हे मोजे कवाशिक घातले तू?"

"दुपारी. पण मी काढणारच होती."

"काढणार होती," हे पुटपुटले, आणि हसायला लागले. कितीतरी दिवसांनी. "काकाजी, कालवण पातळ होतं. भोंगे मोकळे केले, हवाच हवा. मी पेट्रोलचं भोक मोठं करायले चिखली पालथी घातली, अन् हिनं हवा अडवून ठेवली. हे दोघं पाहा, मोज्यातून श्वास घेणारे. चहासारखे. जसे पाह्यजे तसे. अन् हा तिसरा, बिनमोज्याचा, पांढरा पडला."

"म्हणजे मोजा चांगला?"

"मोजा चांगला."

"मंग तिसरा कुठी हाय?"

हा प्रश्न राहिलाच होता. यांनी प्लगच्या भोकात मोबाईलची बॅटरी मारली. काही नाही. मी म्हटलं खोल गेला असेल. कार्बोरेटर उघडला. काही नाही. मी म्हटलं तीन घातले, मोजून घातले, सायलेन्सरमध्ये बघा. वामनराव आता गाडीसाठी घाबरले. त्यांनी मला म्हटलं, "आण ती पोरगी इकडं, अन् तूच वाकून पाह्य."

मी महामायाला त्यांच्याकडं दिली आणि सायलेन्सरला डोळा लावला. वर वामनराव "ऊं" असं काहीसं बोलले. महामायानं त्यांच्या पोटात लाथ घातली होती.

"हे काय हाय?" ते म्हणाले.

तिच्या डाव्या पायात. गुलाबी. गोंड्याचा.

मी सगळ्या रस्त्यानं तिला कडेवर घेऊन आले होते. तो गोंडा सगळ्या रस्त्यानं माझ्याच कमरेला गुदगुल्या करत होता.

"तो?" मामाजी म्हणाले. "सतरंजीवर तिच्या हातात होता. चोखून राह्यली होती. म्या पायात घातला. तिचाच हाय ना?"

"तिचाच हाय, मामाजी. पण आज गाडीवर ड्युटी होती."

महामायाच्या पायातून मोजा निघाला, तिसऱ्या भोंग्यावर चढला. तो चढवताना सोजराबाई कप हातात घेऊन वाकल्या आणि तशाच राहिल्या. अक्षर लावून लावून त्यांनी वाचलं.

"हे तं माहं नाव हाय."

त्यांचं बोट गिलासाच्या काठावरून खाली बुडाकडं गेलं.

"माह्या गिलासाचे बुडं कापले?"

"काकू," हे म्हणाले, "गाडीचा श्वास तुमच्या गिलासातून चालू हाय."

"अन् मोजे कोणाचे?" वामनरावांनी विचारलं.

"तेही माह्येच," सोजराबाई म्हणाल्या, आणि रागवायचं की फुगायचं याचा विचार करून फुगल्या.

गाडी पायथ्याला नेली. हे पुढं, वामनराव मागं. वामनराव वजनानं दोन पोती तरी आहेत. मी डोळे मिटले होते, म्हणून मला फक्त ऐकू आलं. आधी तिन्ही वेगळे वेगळे, जसे पंगतीत बसताना माणसं बोलतात. मग रेस वाढली आणि तिन्ही एकात मिसळले, एकच लांब सूर, जात्यावर पीठ बारीक पडायला लागलं की येतो तसा. तो आवाज आमच्या शेजारून वर गेला, माथ्यावर गेला, आणि पलीकडं उतरला. डोळे उघडले तर रस्त्यावर निळा धूर. कडेवरची महामाया झोपली होती. माझ्या खांद्यावर. (बोट मी नेलं होतं नाकापर्यंत. परत घेतलं.)

परत आल्यावर वामनरावांनी आधी डोक्यावरचे उरलेले केस बसवले आणि मग खिशातून चावी काढली. यांच्या हातात ठेवली. मग हातरुमालानं टाकी पुसायला लागले.

"इथं ग्रीसचा डाग राह्यला होता," ते म्हणाले. मामाजींनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

आता तुम्हाला वाटेल की गावात माझं नाव झालं असेल. झालं सोजराबाईंचं. अकोल्याच्या मेळाव्यात लोकांनी विचारलं, हा कुठल्या कंपनीचा फिल्टर, तर वामनरावांनी भोंग्यावरचं नाव वाचून दाखवलं. त्या आता गोंडे न लावता विणतात, चिखलीहून ऑर्डर येते. गाळ्याची फीत त्यांनीच कापली, आणि आहेर केला सहा गिलासांचा. या वेळी नाव बुडावर कोरलंय, कापायला हात धजू नये म्हणून. मी यांना म्हटलं, मी पण काहीतरी केलंच की. तर म्हणाले, "हाव, तू घाबरली. पण ते तं तू रोजच करतेस."

उद्घाटनाला वामनराव तीच गाडी घेऊन आले होते. फोटोवाला तयार, सगळे उभे, आणि मामाजी हळूच माझ्या कानाशी आले.

"बाई, ते त्या दिवशी टाकीवर ग्रीस लावलं होतं ना."

"हाव, मामाजी."

"काही कारण नाही. पण आज लोक लई पाहून राह्यले. पुन्हा थोडं लाव."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पिशवीत दोन्ही डब्या होत्या. घाईघाईनं एकीतून बोट भरून टाकीला तीट लावली, दुसरीतून महामायाच्या गालाला, आणि फोटो निघाला.

टाकीवरची तीट वामनरावांनी ओल्या फडक्यानं पुसली, लगेच गेली. महामायाच्या गालावरची साबणानं जाईना, बेसनानं जाईना, पसरत पसरत कानापर्यंत गेली. मी रडकुंडीला येऊन तिला यांच्यापुढं धरलं. यांनी तिच्या गालावरून बोट फिरवलं, वास घेतला, आणि परत कामाला बसले.

"राहू दे," म्हणाले. "पावसाळ्यात पोरगी गंजणार नाही."